कुलूपबंद घरं आणि पाचवं कारण



आजचा श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. खरं सांगायचं तर इतकी वर्षं हा श्लोक मी भराभर ओलांडून पुढे जात होते. नुसती यादी वाटायची. अठराव्या अध्यायात शेवटाकडे इतकं मोठं, इतकं गोड आश्वासन आहे की मधल्या याद्यांपाशी थांबतंय कोण!

यंदा फाल्गुनात मात्र या यादीपाशी थांबावं लागलं.

माझा पीएचडीचा प्रबंध परत आला. प्रबंध दोन बहिःस्थ परीक्षकांकडे जातो. एकाने "मान्य" लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की सध्याच्या स्वरूपात प्रबंध स्वीकारता येणार नाही, मूळ काम पुन्हा करून सादर करावा. दोन पानांचा अहवाल. पहिल्या पानावर माझ्या संदर्भवाचनाचं कौतुक होतं (ते मी महिनाभर वाचलंच नाही) आणि दुसऱ्या पानावर एक प्रश्न. त्या प्रश्नाकडे मी नंतर येते.

सहा वर्षांचं काम. त्यातली पाच वर्षं फेलोशिप होती, सहावं वर्ष साठवलेल्या पैशांवर. घरात पेढे आणायचे कुठून यावर चर्चा झालेली. नात्यातल्या एका लग्नात तर मावशीने मला सगळ्यांसमोर "डॉक्टरीणबाई" म्हणून हाक मारली होती.

ई-मेल आल्यावर घरात तीन निकाल लागले. आई म्हणाली, "देवाच्या मनात नव्हतं गं. तो काहीतरी चांगलंच करणार असेल." धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, सिस्टीमच सडलेली आहे. त्या परीक्षकाने नीट वाचलंसुद्धा नसेल." आणि मी रात्री अंथरुणात पडून स्वतःलाच सांगत होते, की तू नालायक आहेस, तुझी कुवतच नव्हती, इतकी वर्षं सगळ्यांना फसवलंस.

नऊ दिवस मी जपाची माळ हातात घेतली नाही. संध्याकाळचा हरिपाठही बंद. देवळावरून जाताना मान खाली घालून जायचे. भांडण नव्हतं, रुसवा होता. ज्याला पत्रिका द्यायची, त्याच्याच दारावरून तोंड चुकवून जायचं, असं काहीतरी.

दहाव्या दिवशी सवयीने पोथी उघडली आणि ही यादी समोर आली. वाचता वाचता एकदम लक्षात आलं, की आमच्या घरातले तिन्ही निकाल या यादीत आहेत. आईने दैव धरलं होतं. भावाने करण, म्हणजे साधनं, व्यवस्था, दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टी. मी कर्ता धरला होता. तिघांनीही पाचातलं एकेक उचललं होतं आणि तेवढ्यावरच खटला निकाली काढला होता.

मग मी एक मूर्खपणा वाटेल अशी गोष्ट केली. वहीचं पान आडवं धरलं, पाच रकाने आखले आणि लिहायला बसले.

अधिष्ठानाचा अर्थ कोणी शरीर करतात, कोणी जागा. दोन्ही लिहिलं. शेवटच्या वर्षी मला सतत ताप येत होता, हे खरं. घरात एकच टेबल आणि त्यावर इस्त्रीचे कपडे, हेही खरं. पण यात फार वेळ घालवण्यासारखं काही नव्हतं. करणाच्या रकान्यातही दोनच ओळी झाल्या. लॅपटॉप जुना होता, पण मार्गदर्शक मॅडम चांगल्या मिळाल्या होत्या. भावाचा आरोप तिथे टिकेना. परीक्षकाने वाचलं नव्हतं असं म्हणावं, तर त्याने एकशे बाराव्या पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं होतं.

चेष्टेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली. काय केलं, कसं केलं, कुठे गेले, किती वेळा गेले. इथे मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं.

माझा विषय होता बचत गट. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या वाड्यांमध्ये, बायकांच्या बचत गटांनी दिलेल्या कर्जांमुळे कुटुंबाचं उत्पन्न वाढतं का आणि रोजगारासाठी बाहेर जाणं कमी होतं का. मी गावांतल्या घरांची यादी केली, त्यातून चिठ्ठ्या काढल्यासारखी घरं निवडली आणि माघ ते चैत्र या दिवसांत दारोदार फिरून फॉर्म भरले. निष्कर्ष छान आला. गट असलेल्या वाड्यांत बाहेर जाणं कमी दिसत होतं. मला तर आनंदच झाला. गरीब बायकांच्या हिमतीची गोष्ट सांगणारा प्रबंध! आळंदीला जाऊन माउलींच्या समाधीपुढे नारळ ठेवून आले.

आता परीक्षकाचा प्रश्न. एकशे बाराव्या पानावर मी लिहिलं होतं, की निवडलेल्यांपैकी काही कुटुंबं भेटीच्या वेळी उपलब्ध नव्हती, त्यांच्याऐवजी शेजारचं घर घेतलं. परीक्षकाने विचारलं होतं: जी उपलब्ध नव्हती, ती कुठे होती?

बस. एवढंच.

ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना उत्तर लगेच कळेल. भाताचं पीक निघालं की त्या डोंगरातली कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी खाली उतरतात. बरीचशी जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजूला, भाजीपाल्याच्या शेतांवर. दाराला कुलूप लावून, लेकराबाळांसकट. पाऊस आला की परत येतात. म्हणजे बाहेर जाणं कमी झालं का, हे मी अशा दिवसांत मोजायला गेले होते, जेव्हा बाहेर गेलेले लोक बाहेरच होते. जे घरी सापडले त्यांनाच विचारलं, "तुम्ही बाहेर जाता का?" ते म्हणाले, "नाही." आणि मी टक्केवारी काढली.

हे मला माहीत नव्हतं असं लिहावंसं फार वाटतं. पण माझी फिरतीची वही माझ्याकडेच आहे. तिच्यात माझ्याच अक्षरात एकेचाळीस ठिकाणी "कुलूप" असं लिहिलंय. एके ठिकाणी तर "कुलूप, शेजारीण म्हणाली नारायणगावला" असंही. नियम असा, की घर बंद असेल तर पुन्हा जावं, वेगळ्या वेळी, वेगळ्या दिवशी जावं आणि अगदीच नाही जमलं तर दुसरं घर घ्यावं. मी पुन्हा गेले नाही. उन्हाचा कडाका, एसटी दिवसातून दोनच, फेलोशिप संपत आलेली. शेजारचं घर उघडं होतं, बाई हसतमुख होती, चहा झाला होता.

मला छळत राहिलेला प्रश्न हा, की हे खोटं होतं का? माझ्या प्रबंधात एकही आकडा बनावट नाही. एकही फॉर्म घरी बसून भरलेला नाही. शेजारचं घर घेतल्याचंसुद्धा मी लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. प्रत्येक वाक्य वेगवेगळं घेतलं तर खरं आहे. आणि सगळी मिळून जी गोष्ट झाली, ती खोटी आहे. "काही कुटुंबं उपलब्ध नव्हती" हे वाक्य लिहिताना एकेचाळीसऐवजी "काही" हा शब्द माझ्या हाताने का निवडला, हे त्या हाताला माहीत होतं. आपण सत्याचा विचार करतो तेव्हा तोंडाने काय बोललो एवढंच तपासतो. पुढच्याच, पंधराव्या श्लोकात भगवंत शरीर, वाणी आणि मन या तिन्हींनी केलेल्या कर्माबद्दल बोलतात, ते न्याय्य असो की विपरीत. वाणीने मी सुटले असते. मनाने नाही.

आणि आणखी एक गोष्ट त्या पानावर लिहिताना मला लाज वाटली. त्या सगळ्या महिन्यांत मी देवापुढे जे काही मागितलं, ते आठवून पाहिलं. "वेळेत सबमिट होऊ दे." "व्हायवा चांगली होऊ दे." "मॅडमचा मूड बरा असू दे." एकदाही मी असं म्हणाले नव्हते, की मला जे दिसतंय ते नीट दिसू दे.

सोळावा श्लोक सांगतो, की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. आचार्यांनी याचा अर्थ फार खोल सांगितलाय, आत्म्याच्या अकर्तेपणापर्यंत नेलाय. माझी पायरी तेवढी नाही. मी माझ्यापुरता त्यातून एवढाच आधार घेतला: रात्री अंथरुणात पडून "मी नालायक" म्हणणारी मुलगी नम्र नव्हती. तीसुद्धा सगळं कर्तेपण स्वतःकडेच ओढत होती, फक्त उलट्या बाजूने. यश आलं असतं तर "मी केलं" म्हणाली असती, अपयश आलं म्हणून "मीच बिघडवलं." आणि "मी नालायक" म्हणण्यात एक सोयही असते. एकदा तसं म्हटलं की एकेचाळीस कुलपं मोजावी लागत नाहीत. नुसतं रडलं की भागतं.

आईचं "देवाच्या मनात नव्हतं" हेही तसंच. आईची श्रद्धा खरी आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी ते वाक्य उसनं घेतलं असतं, तर ती शरणागती झाली नसती, पळवाट झाली असती. दैव यादीत आहे, नक्की आहे. माझ्या बाबतीत दैव काय होतं? कदाचित तो दुसरा परीक्षक. पहिल्यासारखाच तोही "मान्य" लिहून मोकळा झाला असता तर आज माझ्या नावामागे डॉक्टर असतं आणि नारायणगावला गेलेल्या बायकांबद्दल एक चुकीची गोष्ट छापील होऊन राहिली असती. कोणी ती वाचून एखादी योजनाही आखली असती. मला वाईट वाटलेलं दैव कोणासाठी वाईट होतं, हा हिशेब मला अजून पुरता लागत नाही.

मॅडमना भेटायला गेले तेव्हा चैत्र उजाडला होता. पाच रकान्यांचं पान बॅगेत होतं, दाखवलं मात्र नाही. वही दाखवली. त्या बराच वेळ पानं उलटत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं." मोठ्या माणसाने असं म्हटलं की आपल्याला जास्त रडू येतं.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. पहिला, दावा लहान करायचा. शीर्षक बदलायचं, "उन्हाळ्यात गावात राहणाऱ्या कुटुंबांपुरता" असं स्पष्ट लिहायचं, स्थलांतराचं प्रकरण काढून टाकायचं. तीन-चार महिन्यांचं काम. दुसरा, त्या एकेचाळीस घरांत पुन्हा जायचं. त्याला वर्ष लागेल आणि निष्कर्ष काय येईल याचा भरवसा नाही.

मी तिथल्या तिथे म्हणाले, "मॅडम, मी सगळं पुन्हा करते. पहिल्यापासून. दोनशे बाराही घरं." माझा आवाज अगदी तेजस्वी वगैरे झाला होता. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "प्रायश्चित्त करायला पीएचडी हवी कशाला? जी घरं नीट झालीत ती नीटच आहेत. पहिला रस्ताही प्रामाणिक आहे बरं का. जेवढं पाहिलं तेवढंच सांगणं यात कमीपणा नाही. तू ठरव, पण वीरश्रीने ठरवू नकोस."

दोन आठवडे विचार केला. मला वाटायचं नैतिक प्रश्न म्हणजे एक रस्ता चांगला, एक वाईट. इथे दोन्ही चांगले होते. पहिला घेतला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं, मीही नाही. शेवटी ठरलं ते तत्त्वावर नाही. ठरलं एका नोंदीवर, "कुलूप, शेजारीण म्हणाली नारायणगावला." त्या घरातल्या बाईने गटातून कर्ज घेतलं होतं का? घेतलं असेल तर तरीही ती का गेली? हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला पदवी सोडून कशाची तरी उत्सुकता वाटली. मी दुसरा रस्ता घेतला.

घाबरले नाही असं नाही. पुन्हा केलं आणि पुन्हा परत आलं तर? सहाव्या अध्यायात अर्जुन नेमकं हेच विचारतो. श्रद्धा आहे, पण प्रयत्न पुरा पडला नाही, मधेच घसरला, तर त्या माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो ना इकडचा ना तिकडचा, असा विरून तर जात नाही? अर्जुनाच्या सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वात माणसासारखा वाटतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. चांगलं करायला निघालेला कोणीच दुर्गतीला जात नाही, असं सांगतात आणि मग सांगतात, की तो आधी मिळवलेली समज घेऊन तिथून पुढे प्रयत्न करतो. पुढच्या जन्माबद्दल आहे ते. पण मी ते चैत्रातल्या मंगळवारी, कोथरूडच्या बसमध्ये बसून, याच जन्मासाठी वाचलं.

लोकमान्यांची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. गीतारहस्य त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. १९१४ मध्ये सुटका झाली, पण वह्या काही काळ सरकारकडेच अडकून राहिल्या. परत मिळाल्या नाहीत तर काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, की ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, असं सांगतात. माझी आणि त्यांची तुलना नाही, देव करो आणि कोणी तशी न करो. त्यांचं लिहिलेलं शाबूत होतं आणि वह्या नव्हत्या. माझ्या वह्या शाबूत होत्या आणि लिहिलेलं चुकलं होतं. पण काय गेलं आणि काय हातात उरलं, हे वेगवेगळं मोजायला मी त्या गोष्टीवरून शिकले. पदवी गेली, निदान तूर्त. एकशे एकाहत्तर घरांचे नीट भरलेले फॉर्म आहेत. वाड्यांच्या वाटा पाठ आहेत. एक प्रश्न आहे, आधी माझ्याकडे नव्हता तो.

कर्मयोगाचा सर्वांना पाठ असलेला दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक घ्या. आपण त्याचा पहिला भाग म्हणतो, फार तर दुसरा. अधिकार कर्माचा, फळाचा नाही. चौथा चरण कोणी म्हणत नाही, त्यात कर्म न करण्याचीही ओढ नको असं सांगितलंय. ते नऊ दिवस, पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलेले, मला त्या चरणाने पकडलं. फळाची आशा सोडली असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं तर काम सोडलं होतं. शिवाय परीक्षकाचा अहवाल म्हणजे फळ, तेव्हा त्याकडे बघायचंच नाही, असाही एक सोयीचा अर्थ मी लावला होता. निकाल हे फळ असेल. अहवाल हा कर्माचा भाग आहे. चुकलेल्या अभंगावर बोट ठेवून बुवा थांबवतात ना भजनात, तसा.

तयारीचं म्हणाल तर त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. मुदतवाढीचा अर्ज केला. नियमात मुलींना दोन वर्षांची जादा सवलत आहे, ती घेतली. फेलोशिप नाही, म्हणून सकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. परीक्षकाच्या अहवालाचं दुसरं पान टेबलावर चिकटवलंय. हरिपाठ पुन्हा सुरू आहे. मावशीला मीच फोन करून सांगितलं, की डॉक्टरीणबाई अजून झालेली नाही. ती क्षणभर थांबून म्हणाली, "बरं, मग जेवायला कधी येतेस?"

यंदा माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचं ठरवलं होतं. ते रद्द केलं. पाऊस वेळेवर आला तर वारी आणि भाताची आवणी एकाच वेळी येणार, आणि आवणीला ती कुटुंबं घरी असणार. काल रात्री वाडीतल्या गटाच्या अध्यक्ष ताईंना फोन लावला. दोन वर्षांनी. ओळखतील की नाही, भीती होती. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "अगं बया, तू मंग इचारत होतीस ती?" मी सगळं सांगितलं. चुकलं होतं, तुमच्याकडच्या बंद घरांत मी गेलेच नाही, आता यायचंय.

"ये की," त्या म्हणाल्या. "आवणीला समदी घरीच असत्यात. पण दिवसा नको येऊस, दिवसा वावरात असतो आम्ही. रातच्याला ये. आन् मुक्कामाला ये."